रिओखाची बाटली आणि मामीचा रस्सा

आमच्या घरात द्राक्षं तीन पिढ्यांपासून आहेत आणि वाइनचा थेंब आजवर आलेला नाही. निफाड तालुक्यात सहा एकर थॉमसन, वडील माळकरी. घरात मटणसुद्धा शिजत नाही, ते खायला मामाच्या गावाला जायचं. नाशिकच्या आसपास वाइनरी उभ्या राहिल्या, शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या बागांमध्ये शिरू लागल्या, तरी वडिलांचं म्हणणं एकच: "द्राक्ष विकायचं असतं, उरलं तर खायचं असतं. प्यायचं काय त्यात?" त्यामुळे वयाच्या चौतिसाव्या वर्षी, स्पेनमध्ये, हातात लाल वाइनचा पेला धरलेला असताना कुणीतरी "कसला वास येतोय?" असं विचारलं, तेव्हा माझी अवस्था दहावीच्या तोंडी परीक्षेसारखी झाली.

नोकरीमुळे मी बिल्बाओत राहतो. पवनचक्क्यांच्या पात्यांचं काम आहे. शेजारच्या टेबलावरचा सहकारी लोग्रोन्योचा, म्हणजे रिओखा या वाइनसाठी ओळखल्या जाणाऱ्या प्रांताच्या राजधानीचा. मी पहिल्या आठवड्यात 'रिओजा' म्हणालो तेव्हा त्याने कपाळाला हात लावला होता. तो 'ख' घशातून यावा लागतो, खाकरल्यासारखा. माझ्या घरी द्राक्षबाग आहे हे कळल्यावर तर तो मागेच लागला. द्राक्षवाल्याच्या पोराला वाइन कळत नाही, ही त्याच्या हिशेबाने जवळजवळ बेअदबीच होती. शेवटी ऑक्टोबरातल्या एका शनिवारी त्याने मला रिओखातल्या आरो गावाला नेलं. (लिहितात हारो. स्पॅनिश माणूस 'ह' लिहितो आणि गिळतो.)

बिल्बाओत त्या दिवशी पाऊस होता, तसा तो तिथे नेहमीच असतो. बस दक्षिणेकडे डोंगर चढली, उतरली, आणि तासाभरात आभाळ लख्ख. कांताब्रियाची डोंगररांग अटलांटिकचे ढग अडवून धरते. अलीकडे ओलं गवत आणि गाई, पलीकडे एब्रो नदीच्या खोऱ्यात ऊन आणि द्राक्षं. सहकारी मला हात हलवून हलवून हे समजावत होता. मी म्हटलं, राहू दे. इगतपुरीत छत्री उलटी होते आणि निफाडला धूळ उडते, हे बघतच मी मोठा झालोय.

बोडेगात, म्हणजे वाइनरीत, जाण्याआधी त्याने ओळखीच्या एका बागेत नेलं. तिथे मात्र मी गप्प झालो. मांडव नाही, तारा नाहीत, ठिबकच्या नळ्या नाहीत. गुडघ्याच्या वर जेमतेम येणारी, वेडीवाकडी झुडपं, खोडं मांडीएवढी जाड, पानं लाल-पिवळी पडत आलेली. तोडणी झाली होती, एखादा चुकार घड मागे राहिला होता. मणी बोराच्या आठळीएवढे, काळेनिळे. मी एक तोंडात टाकला. साल जाड, बिया करकरीत, रस चमचाभरही नाही, पण गोडी अशी की घसा धरावा. ही तेंप्रानियो. 'तेंप्रानो' म्हणजे लवकर. इतर लाल जातींच्या आधी पिकते म्हणून हे नाव.

तिथूनच वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडे गोडी छाटणी चालली होती. त्यांनी खोड बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "वय काय?" सहकाऱ्याने सांगितलं, ऐंशीच्या पुढे. फोनवर शांतता. आपल्याकडे पंधराव्या वर्षी बाग काढायच्या गोष्टी सुरू होतात. दुसरा प्रश्न, "एकरी किती निघतं?" याचं उत्तर मला आलं, कारण सहकाऱ्याने बसमध्येच सांगितलं होतं. रिओखाच्या नियमात लाल द्राक्षांना हेक्टरी ६५०० किलोची मर्यादा आहे. म्हणजे एकरी साधारण २६ क्विंटल.

"अडीच टन?" वडील म्हणाले. "एकरी? मग हे लोक खातात काय?"

आम्ही एकरी दहा टनांचा हिशेब धरणारी माणसं. मणी फुगावा म्हणून घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिडच्या) द्रावणात बुडवायचे, मापाने १८ मिलिमीटर भरला तर निर्यातीचा. इथे सगळं उलटं. मणी लहान हवा, कारण लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा रसात नसतो, सालीत आणि बियांत असतो. मणी फुगला की साल कमी आणि पाणी जास्त. वडिलांना हे पटलं नाही, पण ते विचारात पडले एवढं दिसलं. "शुगर किती उतरवतात?" हे त्यांनी विचारलंच. आमची थॉमसन १८ ब्रिक्सला आली की व्यापाऱ्याला फोन करायचा. इथे २३-२४ पर्यंत थांबतात, तेव्हा कुठे वाइनमध्ये साडेतेरा-चौदा टक्के अल्कोहोल बसतं.

आरो गाव लहान आहे, पण त्याची ऐट मोठी. १८९० मध्येच इथे रस्त्यांवर विजेचे दिवे लागले होते, आणि "आलो बघा आरोला, दिवे दिसायला लागले" ही म्हण अजून ऐकवतात. हा पैसा आला एका किड्यामुळे. १८६० च्या दशकापासून फिलॉक्सेरा नावाच्या मुळावरच्या किडीने फ्रान्समधल्या बागा खाल्ल्या, तेव्हा बोर्दोचे व्यापारी वाइन शोधत डोंगर ओलांडून इथे आले. येताना २२५ लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपांची रीत घेऊन आले. रेल्वे होतीच. म्हणून जुन्या बोडेगा सगळ्या स्टेशनाला चिकटून: लोपेझ दे एरेदिया १८७७ ची, कुने १८७९ ची, ला रिओखा आल्ता १८९० ची. आपल्याकडे गूळ-हळदीच्या वखारी स्टेशनाजवळ असतात त्यातलाच प्रकार. पुढे विसाव्या शतकाच्या तोंडावर तो किडा इथेही पोचला आणि मग यांनीही त्या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन खुंटावर कलमं बांधली. वडील डॉगरीजचा खुंट वापरतात, तोही अमेरिकनच. त्याच्या गोष्टीचा हा एक दूरचा नातेवाईक मला आरोच्या स्टेशनामागे भेटला.

आम्ही गेलो ती बोडेगा त्या बड्या नावांतली नव्हती. तळघर मात्र हाताने खोदलेलं, भिंतींवर काळी बुरशी मखमलीसारखी, आणि अंगात स्वेटर हवाच असा गारवा. तिथे एका कोपऱ्यात पिंपाजवळ मेणबत्ती ठेवायची जागा होती. वाइन एका पिंपातून दुसऱ्यात काढताना तळाचा गाळ येऊ नये म्हणून पेला मेणबत्तीसमोर धरतात. वाइन जरा गढूळ दिसली की तोटी बंद. उरलेला बारीक गाळ बसवायला अंड्याचा पांढरा बलक घालतात, हेही तिथेच कळलं. आमच्याबरोबर बोडेगा बघायला आलेल्यांत एक मुलगी शुद्ध शाकाहारी होती, तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. बलक गाळाबरोबर खाली बसतो, तो काढून टाकतात, असं तिला सांगण्यात आलं. तिने पेला परत ठेवला. मला तिचं म्हणणं पटलं.

मग 'काता', म्हणजे चव घेण्याचा कार्यक्रम. साठीच्या घरातली एक बाई, बुटकी, आवाज शाळेच्या मुख्याध्यापिकेचा. लाकडी टेबल, पांढरे कागद, प्रत्येकासमोर तीन पेले आणि मध्ये एक स्टीलचं भांडं. भांडं कशाला हे कळायला वेळ लागला नाही. ती चक्क पिकदाणी होती. वाइन तोंडात घोळवायची आणि थुंकायची. वीस वाइन चाखायच्या तर गिळून कसं भागेल, हे बाईंचं म्हणणं बरोबर. पण पाहुण्यांच्या घरी त्यांच्या समोर थुंकायला मला पहिले दोन घोट जमलं नाही. ते गिळले.

पहिला नियम: पेला देठाला धरायचा. पेल्याच्या पोटाला हात लावला की वाइन तापते. लाल वाइन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी असं मी कुठेतरी वाचलं होतं. बाई म्हणाल्या, कोणाच्या खोलीच्या? १६ ते १८ अंश म्हणजे लाल वाइन. मला निफाडमधली मे महिन्यातली आमची खोली आठवली.

दुसरं, बघायचं. पेला पांढऱ्या कागदावर तिरका करायचा आणि मधला रंग सोडून कडेचा बघायचा. पहिला पेला कोवळ्या वाइनचा होता, कडेला जांभळट, अगदी जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखा. दुसरा क्रियांथा, कडेला लालबुंद. तिसरा रेसेर्वा, आणि त्याची कड तांबूस-नारिंगीकडे झुकलेली. या रंगाला त्यांच्याकडे 'तेखा' म्हणतात. म्हणजे कौल. छपरावरचं कौल. इतकं नेमकं नाव मी दुसऱ्या कुठल्या रंगाला ऐकलेलं नाही.

हे तीन पेले म्हणजे एकाच पोराची तीन वयं. 'क्रियांथा' या शब्दाचा अर्थच मुळी संगोपन. नियम असा की क्रियांथा दोन वर्षं सांभाळायची, त्यात किमान एक वर्ष ओकच्या पिंपात. रेसेर्वा तीन वर्षं, त्यातलं किमान एक पिंपात. ग्रान रेसेर्वाला पाच वर्षं लागतात, दोन पिंपात आणि दोन बाटलीत तरी. बाटलीच्या पाठीवरची पट्टी बघितली की हे कळतं, त्यामुळे दुकानात उभं राहून अंदाज बांधायला नवख्याला रिओखा सोपी पडते.

पेला हलवल्यावर काचेवरून ओघळ उतरतात. त्यांना 'अश्रू' म्हणतात. मी मोठ्या कौतुकाने म्हटलं, भारी वाइन दिसतेय. बाई म्हणाल्या, अल्कोहोल दिसतंय तुला, वाइन नाही.

मग वास. आधी पेला न हलवता, मग हलवून. कोवळ्या वाइनमध्ये पिकलेल्या केळ्याचा वास आला आणि मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. चुकत नव्हतं. अख्खे घड टाकीत बंद करून आंबवण्याची त्यांची एक जुनी शेतकरी पद्धत आहे, तिच्यात हा वास येतोच. क्रियांथात लाल आलुबुखार सगळ्यांना आला. मला करवंद आलं. करवंदाला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात हे मला माहीत नव्हतं, म्हणून मीही आलुबुखारच म्हणालो.

रेसेर्वाचा पेला नाकाला लावला आणि मी अडकलो. काहीतरी ओळखीचं होतं. अगदी घरातलं, पण फळ नव्हे. बाकीचे 'व्हॅनिला' म्हणाले. व्हॅनिला म्हणजे माझ्या लेखी आइस्क्रीम, आणि हे आइस्क्रीम नव्हतं. परत हलवला, परत लावला. सुकं खोबरं! वाटणासाठी विळीवर किसलेली खोबऱ्याची वाटी. त्याच्या मागे लवंग. त्याच्याही मागे आजोबांच्या चंचीचा, चुना-तंबाखू आणि जुन्या कातड्याचा वास. पण वाइनमध्ये खोबरं कुठून येणार? मी गप्प राहिलो. बाईंनी नेमकं मलाच विचारलं. मी चाचरत म्हणालो, "कोको?" (स्पॅनिशमध्ये नारळ) आणि जमेल तसं लवंगही सांगितलं.

बाईंनी टेबलावर थाप मारली. "रोब्ले आमेरिकानो!"

अमेरिकन ओक. रिओखात जुनी पिंपं बहुतेक अमेरिकेतून आणलेल्या लाकडाची. त्या लाकडात असं एक द्रव्य असतं की ज्याला थेट खोबऱ्याचा वास येतो. लवंगेचा वास ज्याने येतो तेही द्रव्य ओकमध्ये असतं. फ्रेंच ओकमध्ये खोबरं कमी आणि मसाला जास्त. म्हणजे मला आलेले वास कल्पनेतले नव्हते, लाकडातलेच होते. त्यानंतर मी आलुबुखार म्हणणं सोडून दिलं. करवंद ते करवंद.

शेवटी चव. घोट घ्यायचा, जिभेवर सगळीकडे फिरवायचा, ओठांतून थोडी हवा आत ओढायची (याचा आवाज आईने ऐकला असता तर पाठीत धपाटा बसला असता), आणि थुंकायचं. आधी आंबटपणा, त्याने तोंडाला पाणी सुटतं. मग उलट: हिरड्या आणि गाल आतून आवळले जातात, जीभ खरखरीत होते. बाई म्हणाल्या, ही चव नाही, हा स्पर्श आहे. वाइनमधली टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारी द्रव्यं, लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात, तोंडातलं वंगण जातं आणि खरखर उरते. शास्त्र त्यांच्या बाजूने असेल. पण ज्या भाषेत सहा रसांमध्ये तुरट धरलेला आहे, त्या भाषेतल्या माणसाला हे समजावून सांगणं अवघड आहे. कच्चं केळ, सुपारी, हिरडा, जांभळाची साल, आवळ्याचा पहिला चावा: आम्ही तुरट लहानपणापासून खातो आणि त्यावर पाणी पिऊन गोड करतो. टेबलावरच्या दोघा-तिघांचं तोंड वाकडं झालं होतं. मला तो तुरटपणाच आवडला. का ते तेव्हा सांगता आलं नाही.

चाखून झाल्यावर मागच्या अंगणात जेवण. द्राक्षाच्या छाटलेल्या काड्यांच्या जुड्या पेटवल्या होत्या. या काड्या भपकन पेटतात आणि लगेच निखारा धरतात. आमच्याकडे छाटणीनंतर त्यांचं काय करायचं हा दरवर्षीचा प्रश्न असतो. इथे त्या जपून ठेवतात, कारण कोकराच्या बोटभर लांबीच्या चापा भाजायला याहून चांगलं सरपण नाही असं ते मानतात. 'चुलेतियास'. जाळीवर टाकल्या, जाड मीठ भुरभुरलं, उलटल्या, झालं. मी मसाल्याची वाट बघत होतो. मसाला नव्हताच.

एक चाप खाल्ली आणि वर रेसेर्वाचा घोट घेतला. तुरटपणा गायब. म्हणजे होता, पण काटे काढून घेतल्यासारखा, आणि त्याच्या जागी ते खोबरं, ते करवंद एकदम पुढे आलं. मी परत नुसती वाइन प्यायलो: तुरट. परत चाप, परत घोट: मऊ. पाच-सहा वेळा हेच केलं. सहकारी म्हणाला, प्रयोगशाळेत आलायस का? पण गोष्ट सरळ होती. टॅनिनला धरायला काहीतरी हवं असतं. मांस असलं की ती त्यातल्या प्रथिनाला-चरबीला धरतात आणि तुमच्या गालांना सोडतात. मीठ त्यांचा कडवटपणा दाबतं. आणि चरबीने जीभ जड झाली की तोच तुरटपणा ती पुसून काढतो. जेवणानंतर सुपारी का खायची, याचं इतकं चांगलं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.

स्पॅनिशमध्ये या जुळणीला 'मारिदाखे' म्हणतात. मूळ अर्थ नवरा-बायकोचं जुळणं. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच दांपत्यांपेक्षा हे बरं चाललं होतं.

इथवर सगळं सुरळीत. गडबड बिल्बाओला आल्यावर झाली.

मी ठरवलं की सहकाऱ्यांना घरी बोलावून मटणाचा रस्सा करायचा आणि त्याबरोबर रेसेर्वा द्यायची. घराजवळच्या दुकानातून बाटली आणली, वीस युरोच्या आतबाहेरची. बूच काढलं, पेल्यात ओतली, नाकाला लावली आणि आरोच्या आत्मविश्वासाने जाहीर केलं, "पहिल्या पावसाचा वास. ओली माती." लोग्रोन्योवाल्याने स्वतःचा पेला एकदा हुंगला आणि काही न बोलता बेसिनमध्ये ओतला. मग माझाही.

"कोर्चो," तो म्हणाला. बूच.

बुचात कधीकधी एक रसायन तयार होतं, त्याने वाइनमधली फळं मरतात आणि भिजलेल्या पुठ्ठ्याचा कुबट वास उरतो. आरोग्याला काही होत नाही, पण वाइन संपलेली असते. दुकानदाराने दुसऱ्या दिवशी कुरकुर न करता बाटली बदलून दिली. मला लागलं ते वेगळंच. अवकाळी पावसात भिजलेल्या पेट्यांचा वास माझ्याइतका कुणाला माहीत असेल? पॅकिंग शेडमध्ये निर्यातीचे कोरे पुठ्ठे भिजून लगदा झालेले मी दोनदा बघितलेत. त्या वासाला मी 'पहिला पाऊस' म्हणालो. वास बरोबर आला होता. पेल्यात चांगलंच असणार असं धरून चाललो, तिथे चुकलो.

दुसऱ्या शनिवारी बदललेली बाटली आणि रस्सा. मामीकडून आलेला कांदा-लसूण मसाला मी हात न आखडता घातला होता. वाइन चांगली होती, उघडल्यावर तासभर ठेवलीही होती. पहिला घास, पहिला घोट, आणि टेबलावर शांतता. मग खोकला. तिखटाची आग वाइनने विझत नाही, भडकते. तोंडातल्या ज्या नसा मिरचीला 'भाजलं' म्हणून ओरडतात, त्यांनाच अल्कोहोलही डिवचतं. वर टॅनिनची खरखर, म्हणजे पोळल्या जागेवर काथ्या घासल्यासारखं. वाइनमधलं फळ तर कुठल्या कुठे. पेल्यात कडवट, लोखंडी पाणी उरलं. पाहुण्यांनी रस्सा मनापासून खाल्ला, दह्याबरोबर. वाइन तशीच राहिली.

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. मिरची कमी करावी, तर रस्सा फिका दिसणार, आणि फिक्या रंगाचा रस्सा मी पाहुण्यांपुढे ठेवणार नाही. नाहीतर रस्सा तसाच ठेवून वाइनऐवजी बिअर आणावी, जी सूचना दोघांनी केली होती आणि जी शहाणपणाची होती.

तिसरी वाट सापडली रिबेराच्या बाजारात. नदीकाठच्या त्या जुन्या मंडईत भाजीवालीकडे सुकलेल्या, काळपट लाल, सुरकुतलेल्या मिरच्यांच्या माळा लटकत असतात. मी तोवर त्या शोभेच्या समजत होतो. 'चोरिसेरो'. तिने सांगितलं तसं केलं: गरम पाण्यात भिजवायच्या, मग चिरून सुरीच्या पाठीने आतला गर खरवडून घ्यायचा, साल टाकून द्यायची. बिल्बाओचा प्रसिद्ध बाकालाओ, खारवलेल्या कॉड माशाचा लाल रश्शातला प्रकार, याच गरावर उभा आहे. मी गर बोटाने चाखला. गोडसर, किंचित धुरकट, आणि तिखट म्हणाल तर नावाला. रंग मात्र असा की ब्याडगीने मान खाली घालावी. ही मिरची अमेरिकेतून आधी स्पेनमध्ये आली, आपल्याकडे ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून. एकाच घरातल्या दोन मुली, एक इकडे दिली, एक तिकडे. इकडची जास्त तिखट निघाली.

मामीला फोन लावला. मिरचीऐवजी रंगाची मिरची घालतोय म्हटल्यावर ती म्हणाली, "मग त्याला रस्सा नको म्हणू, भाजी म्हण." तरी पुढे तिनेच सुचवलं की तिखट काढलंस तर खोबरं वाढव, चांगलं काळपट भाज, आणि लवंग-दालचिनी दळताना दोन मिरे टाक, म्हणजे अगदीच मुळमुळीत होणार नाही. मी खोबऱ्याची वाटी गॅसवर धरली. वाटीच्या कडा पेटल्या, तेल सुटलं, आणि घरभर तो वास पसरला. तेव्हाच कळलं की हे जमणार.

जमलं. भाजलेलं खोबरं रश्शात आणि खोबरं पेल्यात, लवंग इकडे आणि लवंग तिकडे. मटण खांद्याचं, चरबीचं, मीठ नेहमीपेक्षा चिमूटभर जास्त. वाइनचा तुरटपणा चरबीत गेला आणि तिचा आंबटपणा रश्शाला कोकमासारखा लागला. भात बाजूला राहिला, सगळे पाव बुडवून खात होते. लोग्रोन्योवाला म्हणाला, हे आमच्याकडच्या लाल घेवड्याच्या 'कापारोनेस'सारखं लागतंय, फक्त जास्त हुशार. त्याच्या तोंडून ही मोठीच दाद होती.

मग मला नादच लागला. वांग्याचं भरीत, हिरवी मिरची न घालता, नुसतं भाजलेलं वांगं, लसूण, दाण्याचं कूट आणि तेल: क्रियांथाबरोबर फार छान, कारण धूर दोन्हीकडे. पिठलं आणि ठेचा: नाव काढू नका. दिवाळीला घरून फराळाचं पार्सल आलं. चकली क्रियांथाबरोबर इतकी बसली की डबा दोन दिवसांत रिकामा: तळण, मीठ, तीळ, अजून काय हवं. बेसनाच्या लाडवाने मात्र वाइनला आंबटढोण करून टाकलं. गोडापुढे कोरडी वाइन अशीच उघडी पडते. सुरमई तळून बघितली, तर तोंडात खिळे चोखल्याची चव. तेलकट मासा आणि लाल वाइनमधलं लोह यांचं पटत नाही. तरी बिल्बाओची माणसं तो लाल बाकालाओ रिओखाबरोबर मजेत खातात. मीही खाल्ला, आणि तिथे खिळे लागले नाहीत. बाकालाओ चरबीचा मासा नाही, आणि तो चोरिसेरोचा गर मधे पडून भांडण मिटवतो, एवढं मला समजलं.

रस्सा जमला त्या रात्रीच्या बाटलीत दोन बोटं वाइन उरली होती. तिसऱ्या दिवशी चाखली तर फळ गेलेलं, आंबटपणा वर आलेला. फेकवली नाही. पुढच्या रस्सा-नव्हे-भाजीसाठी कांदा परतत होतो, त्यावर ओतली. चर्र झालं, वास सुटला, कांद्याला काळपट रंग चढला, आणि खरं सांगतो, भाजी आधीपेक्षा बरी झाली.

रात्री मामीचा फोन आला. "कशी झाली?"

"चांगली झाली. कांद्याला रंग मस्त आला."

"कशाने?"

"मंद आचेवर परतला, मामी."